हरकत नाही

निवडून येण्याआधी ती एकवीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसली होती, म्हणून सभागृहात सगळे तिला पोस्टबाई म्हणत. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. खिडकीवर आलेल्या माणसाला फॉर्ममधली एखादी ओळ कळली नाही, तर ती पेन टोपणात घालून, दार उघडून बाहेर यायची आणि त्याच्या शेजारी उभी राहून ती ओळ समजावून सांगायची. मागे रांग कुरकुरायची. पण त्याच रांगेतल्या लोकांनी पुढे तिला निवडणुकीला उभं केलं आणि निवडूनही दिलं.

दुसऱ्या वर्षी तिची नेमणूक नियम छाननी समितीवर झाली. हे काम कुणाला फारसं नको असतं. कायदे सभागृह करतं, पण त्या कायद्यांखालचे बारीकसारीक नियम वेगवेगळी सरकारी प्राधिकरणं करतात. एखाद्या नियमामुळे लोकांच्या खिशाला मोठी झळ बसणार असेल, तर तो आधी या समितीपुढे यावा लागतो. समितीत नऊ जण. त्यांनी कागद वाचायचे, प्रश्न विचारायचे, वाटलं तर नियम परत पाठवायचा. आणि काही विचारायचं नसेल, तर फाइलवर दोन शब्दांचा शेरा पडतो, ‘हरकत नाही’. तो पडला की नियम सभागृहात चर्चेला न येताच लागू होतो.

सुरुवातीला पोस्टबाई भरपूर प्रश्न विचारायची. मग बॉयलरच्या नियमांची बैठक झाली. कागदात जागोजागी ‘सवलत दर’ असा शब्द होता. तिने हात वर केला आणि विचारलं, “ही सवलत नक्की कुणाला मिळणार?”

 बॉयलर, लिफ्ट अशा यंत्रांचे नियम करणाऱ्या प्राधिकरणाचे महासंचालक हसू दाबत म्हणाले, “बाई, ही दुकानातली सवलत नाही. पुढच्या वर्षांतल्या पैशाची आजची किंमत काढायचा दर असतो तो.”

मग मात्र सगळी खोली हसली. लघुलेखकसुद्धा हसला. दुपारपर्यंत गोष्ट कँटीनमध्ये पोचली. “पोस्टबाई, चहावर सवलत आहे का?” असं पुढचे पंधरा दिवस कुणी ना कुणी विचारत होतं. तीही हसून साजरं करायची. पण घरी गेल्यावर कानशिलं तापलेली असायची. कॉलेजची दोन वर्षं राहून गेलेली, हे तिला त्या दिवसांत पुन्हा पुन्हा आठवायचं. तिचे प्रश्न कमी होत गेले. न कळलेल्या शब्दाखाली ती पेन्सिलीने बारीक रेघ मारायची आणि पान उलटायची.

लिफ्टचा नियम त्यानंतर चार महिन्यांनी आला. कागदोपत्री लिफ्टला ‘उद्वाहन’ म्हणतात. पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या प्रत्येक उद्वाहनाची दारं आणि चालवायची यंत्रणा सहा महिन्यांच्या आत पूर्ण बदलावी, न बदलल्यास उद्वाहनाला सील लावावं, असा तो नियम होता. नियमामागे कारण होतं. एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, आत लिफ्ट नव्हती आणि एक बाई खाली कोसळली होती.

बैठकीच्या आठवडाभर आधी पोस्टबाईकडे एक मिस्त्री आला. पन्नाशीचा, रुंद पंजांचा, हळू बोलणारा. जुन्या वस्तीतल्या चाळीसेक लिफ्टची देखभाल तोच करायचा. त्यांतली एक तिच्या मावशीच्या इमारतीतली. मावशीनेच त्याला तिच्याकडे पाठवलं होतं.

त्याने कापडी पिशवीतून एक लोखंडी कुलूप काढलं आणि तिच्या टेबलावर ठेवलं. “हे दाराला बसवायचं, बाई. लिफ्ट मजल्यावर नसेल तर दार उघडत नाही, आणि दार नीट लागलं नसेल तर लिफ्ट हलत नाही. प्राधिकरणाच्याच निरीक्षकाने दोन इमारतींत तपासून पास केलंय. माणूस पडू नये, एवढंच हवंय ना? मग अख्खी यंत्रणा कशाला फेकून द्यायची? आमच्या इमारतींत बारा-पंधरा घरं असतात, भाडेकरूंची. त्यांना हा खर्च झेपायचा नाही. लिफ्ट बंद पडतील, दुसरं काही नाही.”

तिने कुलूप उघडझाप करून पाहिलं. तिला ते लगेच कळलं. “हेच समितीपुढे बोला,” ती म्हणाली. “मी साक्षीदार म्हणून तुमचं नाव देते. सकाळी नऊला या.”

“मला तिथं बोलता येईल?”

“मी आहे ना,” पोस्टबाई म्हणाली.

बैठकीच्या दिवशी ती आत जाताना मिस्त्री बाहेरच्या बाकावर बसलेला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी. तिला पाहून तो अर्धवट उठला. तिने हातानेच ‘बसा, बसा’ केलं.

आत महासंचालकांनी पडद्यावर अपघाताचे फोटो दाखवले. दाराची चौकट, खालचा अंधारा खड्डा, एक चप्पल.  मग तक्ते सुरू झाले. प्रत्येक घरामागे सरासरी खर्च फारच किरकोळ दिसत होता. पोस्टबाईला कुठेतरी खटकलं. दोनशे घरांच्या टोलेजंग इमारतीत तो खर्च दोनशे जणांत वाटला जाईल, आणि बारा घरांच्या इमारतीत? सरासरीत हे दोन्ही एकत्र कालवलंय की काय? पण तक्त्याच्या वर एक लांबलचक सूत्र होतं, त्यात दोन ग्रीक अक्षरं होती, आणि तो जुना ‘सवलत दर’सुद्धा होता.

महासंचालकांच्या शेजारी त्यांचा खर्च-विश्लेषक बसला होता. बारीक चणीचा, निवृत्तीला आलेला माणूस, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. त्याच्यापुढे परिशिष्ट उघडं होतं आणि त्रेचाळीसाव्या पानावर त्याने पिवळी चिठ्ठी चिकटवली होती. तो बोटाने त्या चिठ्ठीचा कोपरा उचलत होता, पुन्हा दाबत होता. दोनदा त्याने पोस्टबाईकडे पाहिलं. समितीत प्रश्न विचारणारी कोण, हे बहुधा त्याला कुणीतरी सांगितलं असावं. तिच्यापुढेही तेच परिशिष्ट होतं. त्रेचाळीसावं पान काढायला किती वेळ लागतो? तिने काढलं नाही. काढलं आणि कळलं नाही तर?

“कुणाला काही विचारायचंय?” अध्यक्षांनी विचारलं. अध्यक्ष वयस्कर, गोड बोलणारे, वीस वर्षं सभागृहात मुरलेले. त्यांनी तिच्याकडे पाहून डोळे मिचकावले. “काय बाई, आज सवलत देताय ना आम्हाला?”

खोलीत हलकं हसू पसरलं. तीही हसली.

“नाही, नाही. काही नाही विचारायचं,” ती म्हणाली.

सचिवांनी यादीवर बोट ठेवलं. “एक साक्षीदार बाहेर थांबलाय. लिफ्ट मिस्त्री.”

“तुमचा माणूस ना, बाई?” अध्यक्ष घड्याळाकडे बघत म्हणाले. “बोलवायची गरज आहे?”

इथे तिने फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे आलं ते असं, की मिस्त्री पिशवीतून ते तेलकट कुलूप काढून या चकचकीत टेबलावर ठेवतोय, महासंचालक त्याला दोन इंग्रजी शब्द विचारताहेत, तो अडखळतोय आणि सगळे पुन्हा हसताहेत. त्याच्याबरोबर तिलाही.

“लेखी घेऊ या त्यांचं,” ती म्हणाली. “वेळ वाचेल.”

नियमावर ‘हरकत नाही’ पडलं. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली.

खोलीला दोन दारं होती. एक बाकासमोर उघडणारं, दुसरं सदस्यांसाठी मागच्या जिन्याकडे जाणारं. पोस्टबाई नेहमी पुढच्या दाराने जायची. त्या दिवशी ती मागच्या दाराने गेली. बाहेरच्या माणसाला निरोप सांगायला तिने शिपायाला पाठवलं.

त्यानंतर आठ महिने गेले. तिच्या मागे कामं होती, दौरे होते. मावशीला ती फोन करायची, पण जाणं होत नव्हतं. आई गेल्यावर सहाव्या वर्षापासून तिला याच मावशीने वाढवलं होतं. हॉस्पिटलच्या धोबीखान्यात दिवसभर इस्त्री करून मावशीच्या उजव्या हाताला कायमची कळ लागली होती आणि उभं राहून गुडघे गेले होते. फोनवर मावशी म्हणायची, “मी मजेत आहे गं. तू तुझं काम बघ.” त्यापलीकडे काही नाही. आणि पोस्टबाईही विचारत नसे. खरं सांगायचं तर तो नियम, ती इमारत आणि मावशीचे गुडघे या तीन गोष्टी तिने मनात एकमेकींजवळ येऊच दिल्या नव्हत्या.

एका रविवारी सकाळी ती फळांची पिशवी घेऊन मावशीकडे गेली. तळमजल्यावर लिफ्टच्या जाळीच्या दाराला आडवी पट्टी मारलेली होती. पट्टीवर लाखेचा शिक्का. बाजूला नोटीस, ‘उद्वाहन नियमान्वये बंद’. खाली नियमाचा क्रमांक, आणि त्याखाली बारीक अक्षरांत, ‘नियम छाननी समितीची सहमती प्राप्त’. तारीखही होती. तिने ती दोनदा वाचली आणि जिना चढायला लागली.

मावशी सहाव्या मजल्यावर राहायची. दर दुसऱ्या वळणावर कुणीतरी जुनी खुर्ची ठेवली होती, दम खाण्यासाठी. चौथ्या मजल्याच्या वळणावर एक बाळंतीण बाळाला खांद्यावर घेऊन बसली होती. तिने पोस्टबाईला ओळखलं नाही. “टेका थोडं,” ती म्हणाली आणि खुर्चीवरून उठायला लागली. पोस्टबाईने तिला बळेच पुन्हा बसवलं. पाचव्या मजल्यावरची एक बाई खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली वर खेचत होती. टोपलीत कांदे, औषधं आणि वर्तमानपत्र.

मावशीने दार उघडलं आणि तिचा चेहरा खुलला. “अगं चिमे! न कळवता?” चिमी हे तिचं लहानपणचं नाव, आता एकटी मावशीच त्या नावाने हाक मारायची. “बस, बस. धाप लागलीय तुला.”

“मावशी, लिफ्ट कधी बंद झाली?”

“झाले की दोन महिने.”

“आणि तू खाली?”

“मी कशाला जातेय खाली? टोपली आहे ना.” मावशी चहा टाकायला वळली. “माझं सोड. समोरचे घड्याळवाले काका गेले बघ.”

पोस्टबाई खुर्चीतून अर्धी उठली. “गेले?”

“अगं, तसे नाही! मुलाकडे गेले, त्याच्या गावी. त्यांची एक कुबडी, जिना कसा उतरणार? खाली कोपऱ्यावरची ती घड्याळदुरुस्तीची टपरी, चाळीस वर्षांची. पंधरा दिवस पोरांनी खुर्चीत बसवून उतरवलं त्यांना. मग त्यांनाच लाज वाटायला लागली. मुलगा येऊन घेऊन गेला. खोलीत आता दुसरा भाडेकरू आहे, तरुण आहे, धावत चढतो.” तिने साखरेचा डबा झाकला. “जाताना माझ्या दारात उभे राहिले, पण बोलवेना त्यांना.”

मावशीने कप पुढे केला. “इथले लोक बोलतात काहीबाही, की सरकारने न विचारता केलं, निवडून दिलेले झोपले होते. मी ऐकून घेत नाही हं. मी म्हणते, माझी भाची आहे तिथं. तिच्या डोळ्यांखालून हे गेलं असतं ना, तर तिने होऊच दिलं नसतं. तिला न दाखवता केलंय काहीतरी. मिस्त्रीसुद्धा तेच म्हणाला.”

“काय म्हणाला मिस्त्री?”

“त्या दिवशी तो आला होता ना तुमच्याकडे. मीच त्याचा शर्ट इस्त्री करून दिला होता, म्हटलं मोठ्या लोकांपुढे जातोयस. संध्याकाळी परत आला, म्हणाला, वेळ संपला त्यांचा, मावशी. तुमच्या भाचीने फार प्रयत्न केला.”

पोस्टबाईने कप खाली ठेवला.  त्या घरात बसून चहा प्यायचं तिला जमेना.

“मावशी, मी तिथेच होते,” ती म्हणाली. “माझ्या डोळ्यांखालूनच गेलं. मला विचारलं, काही हरकत आहे का. मी म्हटलं, नाही. मिस्त्रीला आत बोलवायचं का, तेही मलाच विचारलं. मीच नको म्हटलं. आणि मागच्या दाराने निघून गेले, त्याचं तोंड बघायला नको म्हणून.”

 खालून कुणीतरी टोपलीसाठी हाक मारत होतं.

“का गं?” मावशीने विचारलं.

“कागदातलं कळत नव्हतं. आणि कळत नाही असं म्हणायची लाज वाटली. एकदा हसले होते सगळे.”

“हसले म्हणून?” मावशीला खरंच समजत नव्हतं. “मला अक्षरओळख नाही. जन्मभर बसच्या पाट्या मी रस्त्यावरच्या माणसांना विचारून वाचल्या. हसायचे की काही जण. त्यात काय? नसतं विचारलं तर बस चुकली असती.”

पोस्टबाई मान खाली घालून बसली. मावशी तिला जवळ घेईल, असं तिला कुठेतरी वाटत होतं. मावशीने घेतलं नाही. ती उठली आणि खिडकीशी जाऊन दोरी सोडायला लागली.

“शेजाऱ्यांशी भांडले गं मी तुझ्यासाठी,” ती पाठमोरीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पोस्टबाई मिस्त्रीच्या वर्कशॉपमध्ये गेली. तो एका मोटरची वाइंडिंग काढत होता. तिला पाहून त्याने हात पुसले आणि एक स्टूल पुढे केलं.

“माफी मागायला आलेय,” ती म्हणाली.

“शिपाई म्हणाला, बाईंनी लेखी द्यायला सांगितलंय. मी लेखी दिलं. तीन पानं. पोच आहे माझ्याकडे.”

तिने त्या पानांबद्दल ऐकलंसुद्धा नव्हतं. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं, मीच नको म्हणाले ते. मग मावशीला तसं का सांगितलंत?”

मिस्त्री मोटरकडे बघत राहिला. “लिफ्ट तर बंद होणारच होती. आता भाचीही बंद करू का म्हातारीची?” मग थोड्या वेळाने म्हणाला, “सील मीच लावलंय. या भागात लायसन माझ्याच नावावर आहे. एकतीस लिफ्टना लावलं. लोक दारात उभे राहून बघत होते. मला काय कमी बोलले असतील?”

तिने त्याच्याकडून पोच घेऊन तिच्यावरचा नंबर टिपून घेतला. 

ती तिथून थेट समितीच्या कार्यालयात गेली. आवक-नोंदवहीत मिस्त्रीच्या पत्राची नोंद सापडली. पाकीट कपाटात होतं, न फोडलेलं. तिने तिथेच उभ्याने ते वाचलं. अक्षर गोल, आकृत्या स्वच्छ. मग तिने लिफ्टच्या फाइलीचं परिशिष्ट मागवलं आणि त्रेचाळीसावं पान काढलं. तळाशी तीन ओळींची टीप होती. ‘वीसपेक्षा कमी घरे असलेल्या जुन्या इमारतींची माहिती उपलब्ध नसल्याने त्यांचा खर्च वरील सरासरीत धरलेला नाही. या इमारतींवरील भार बराच जास्त असण्याची शक्यता आहे. समितीने याबाबत विचारणा करावी.’

त्यात ग्रीक अक्षर नव्हतं. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

नियमाचा फेरविचार सभागृहाच्या साठ बैठकांच्या आत मागता येतो, पण तो समितीच्याच सदस्याने मागायचा आणि कारण सांगायचं. छप्पन्न बैठका होऊन गेल्या होत्या. ती अध्यक्षांकडे गेली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दार लावून घेतलं.

“करता येईल,” ते म्हणाले. “प्राधिकरणाने अपुरे आकडे दिले, समितीची दिशाभूल झाली, असं म्हणू. परिशिष्टातली बारीक टीप म्हणजे लपवल्यासारखंच की. फेरविचार बिनविरोध होईल. तुम्ही तर नायिका व्हाल, बाई.”

“आणि ती टीप लिहिणारा माणूस?”

“चौकशी होईल थोडी. निवृत्त होतोच आहे तो.”

“त्याने लपवलं नाही, साहेब. चिठ्ठी लावून आणलं होतं. मी ती चिठ्ठी पाहिली होती.”

अध्यक्षांचा आवाज पहिल्यांदाच कोरडा झाला. “तुम्ही एकट्या नव्हतात तिथे. नऊ जण होतो. तुम्ही उभं राहून ‘मी वाचलं नाही’ म्हटलंत, की उरलेल्या आठ जणांनी वाचलं होतं का, असा प्रश्न येतो. माझी वीस वर्षं आहेत या सभागृहात.”

“माझ्यापुरतंच बोलेन मी.”

“असं नसतं हो, बाई,” ते म्हणाले. आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं.

ती दोन दिवस डगमगली, हे सांगायलाच हवं. एका रात्रीत तिने दिशाभुलीचा मसुदा लिहूनही पाहिला. चांगला उतरला होता. मग तिने तो फाडला, कारण तो वाचताना तिला महासंचालक नाही, त्या बारीक चणीच्या माणसाचं चिठ्ठीवरचं बोट दिसत होतं.

अठ्ठावन्नाव्या बैठकीत ती बोलायला उभी राहिली. समोर कागद होता, पण तिने तो वाचला नाही.

“हा नियम समितीपुढे आला तेव्हा मी हजर होते,” ती म्हणाली. “प्राधिकरणाने काही लपवलं नव्हतं. लहान इमारतींचा खर्च धरलेला नाही, असं त्यांनी लिहून दिलं होतं. मी ते पान उघडलं नाही. कागदातलं मला कळत नव्हतं आणि तसं म्हणायची मला लाज वाटली. एक साक्षीदार बाहेर बसला होता, माझ्याच शब्दावर आलेला. मीच त्याला आत येऊ दिलं नाही. माझ्या या चुकीपायी शेकडो माणसं वरच्या मजल्यांवर अडकून पडलीत. फेरविचार मागण्याचं माझ्याकडे एवढंच कारण आहे.”

मागच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, “पोस्टबाई, पत्र उशिरा पोचलं!” काही जण हसले. तिने हसण्याचा प्रयत्न केला नाही. हसू विरेपर्यंत ती उभी राहिली आणि मग बसली.

ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला. समितीतल्या पाच जणांनी विरोधात मत दिलं. अध्यक्ष तटस्थ राहिले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तिचा फोटो होता, तोंड अर्धवट उघडं असलेला, आणि वर मथळा, ‘न वाचताच मान डोलावली’. त्याच आठवड्यात तिला समितीवरून काढण्यात आलं. तिच्या भागात काही लोक म्हणाले, खरं बोलली. बरेच जण म्हणाले, मग निवडून कशाला दिली? हे दुसरं म्हणणाऱ्यांचं तिला जास्त पटत होतं.

फेरसुनावणी झाली तेव्हा ती श्रोत्यांच्या खुर्च्यांत मागे बसली होती. मिस्त्री वीस मिनिटं बोलला. कुणी हसलं नाही. खर्च-विश्लेषकाने त्याला कुलपाबद्दल इतके प्रश्न विचारले, की दोघं सुनावणी विसरून आपसांतच बोलायला लागले. महासंचालकांनी कुलूप हातात घेतलं, दोनदा उघडझाप केली आणि म्हणाले, “हे आम्हाला आधी कळलं असतं तर आम्ही कशाला नाही म्हटलं असतं?” पडलेल्या बाईची बहीणही आली होती. ती एवढंच म्हणाली, की दार उघडू नये, बस, कशाने ते तुम्ही ठरवा. लहान जुन्या इमारतींना कुलूप बसवून, वर्षातून दोनदा तपासणी करून लिफ्ट चालू ठेवायला परवानगी मिळाली. मोठ्या इमारतींना मूळ नियम राहिला.

मावशीच्या इमारतीतली लिफ्ट त्यानंतर अकरा आठवड्यांनी सुरू झाली. मावशी खाली उतरली, कोपऱ्यापर्यंत चालत गेली आणि परत आली. पोस्टबाईशी ती पूर्वीसारखंच बोलायची, जेवलीस का विचारायची. पण शेजाऱ्यांपुढे ‘माझी भाची’ म्हणणं तिने सोडलं होतं. पोस्टबाईच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं. तिने त्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

पुढे एका शनिवारी ती घड्याळवाल्या काकांचा पत्ता शोधत त्यांच्या मुलाच्या गावी गेली. चार तासांचा प्रवास. घर तळमजल्यावर होतं, नवं, स्वच्छ. मुलगा-सून कामाला गेलेले. काका खिडकीशी बसले होते. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची कोरी भिंत होती. कुबडी पलंगाखाली सरकवलेली.

तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. बैठक, चिठ्ठी, मागचं दार. काका ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, “माझ्या खोलीत कुणी आलंय का?”

“हो. एक तरुण मुलगा आहे.”

“टपरी?”

“तिथं मोबाइलची कव्हरं विकतात आता.”

काकांनी मान हलवली, जणू हिशेब जुळला. “म्हणजे परत यायचं म्हटलं तरी कुठे यायचं, असं आहे तर.”

“काका, मला काही करता आलं तर—”

“काही नाही हो करायचं आता,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ते तिच्याकडे बघत राहिले. “एवढं सांगायला इतक्या लांब आलात?”

“हो.”

“बरं. मुलगा सहाला येतो. तोवर इथं बोलायला कुणी नसतं. घाई नसेल तर बसा.”

तेव्हा दोन वाजले होते. शेवटची सोयीची गाडी साडेतीनला होती. पोस्टबाईने पर्स खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि ती बसली. काकांनी त्यांच्या रस्त्यावरच्या लोकांची चौकशी सुरू केली, एकेकाचं नाव घेऊन. तिला त्यांतली अर्धीअधिक माणसं माहीत नव्हती, आणि प्रत्येक वेळी तिने तसं सांगितलं.